प्रबंधातलं चौथं पान

सातारा, गुरुवार, २५ नोव्हेंबर १९७६.
पहाटे कडक थंडी. सांगलीची मंडळी साडेदहाला आली, दोनला गेली. मुलगा नारायण, त्याचे चुलते लालासाहेब व चुलती. मुलाची आई आली नाही. म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गेली ती अजून परतली नाही, असे सांगितले. पोहे, बेसनाचे लाडू, चहा. चारुशीलाने जांभळी साडी नेसली होती. मुलाने पोह्यातली मिरची बाजूला काढली नाही. त्याचा पीएच.डी.चा प्रबंध पाहण्यासाठी ठेवून गेले आहेत. सुरुवातीची पाने एकाच बाजूने टाइप केलेली, रोमन आकड्यांत, एकूण आठ. मी मोजली. सात भरतात. चौथे नाही.

एवढं लिहून झालं तरी अनसूयाबाई निकम टेबलापासून उठल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, तो जाडजूड प्रबंध पुन्हा पुढ्यात ओढला आणि बोट ओलं न करता एकेक पान उलटलं. पुस्तक हातात आलं की आधी पानं मोजायची, मगच सही करायची, ही पाचगणीच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरने लावलेली सवय. तिला आता पंचावन्न वर्षं होत आली होती. एक, दोन, तीन. मग एकदम पाच.

सकाळी लालासाहेबांनी तो प्रबंध पिशवीतून काढून टेबलावर ठेवला, तो कुस्तीत जिंकलेली ढाल ठेवावी तसा. लालासाहेब काटकर मिलिटरीतून सुभेदार होऊन परतलेले. पाठ अजून भिंतीसारखी सरळ.

"आवं बाई, ह्ये वाचाय न्हाई, नुसतं हातात घिऊन बगा," ते म्हणाले होते. "आमच्या सात पिढ्यांत कुनी येवढं लिव्हलं न्हाई. खरं सांगायचं तर येवढं बोललं बी न्हाई."

"काका, पुरे," नारायण ओशाळून म्हणाला. तो सांगलीच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायचा. माण तालुक्यातल्या विहिरींचं पाणी दोन वर्षांत किती चढलं, किती उतरलं, हा त्याच्या प्रबंधाचा विषय.

शेजारच्या रंगूबाई मदतीला आल्या होत्या. चहाचे कप उचलता उचलता त्यांनी विचारलं, "डॉक्टर झालाय म्हणता, तर माझा गुडघा दाखवू का?"

"गुडघ्यात पाणी झालं असलं तर दाखवा," नारायण म्हणाला. "त्याची खोली मोजून सांगतो."

सगळे हसले. दाराआड चारुशीलाही हसली, आणि ते हसणं अनसूयाबाईंनी बरोबर टिपलं. नात चोवीस वर्षांची झाली होती, तीन स्थळं पाहून झाली होती, पण कुणाच्या बोलण्यावर ती अशी हसली नव्हती. दुसऱ्या एखाद्या आजीला त्या हसण्याने बरं वाटलं असतं. अनसूयाबाई त्या हसण्याने जास्तच सावध झाल्या.

आता त्यांनी दिवा जवळ घेतला. सहाव्या पानावर अनुक्रमणिका होती. तीत इंग्रजीत स्पष्ट टाइप केलेलं होतं : ऋणनिर्देश, पान चार. आणि तिसऱ्या-पाचव्या पानांच्या मधे, शिवणीलगत, कागदाची एक अरुंद पट्टी उरलेली होती. कडा अगदी सरळ.

"चारू, इकडे ये. याला हात लाव."

चारुशीलाने पट्टीवरून बोट फिरवलं. "बाइंडिंगवाल्याने पान घालायचं सोडलं असेल, आजी."

"सोडलं असतं तर पट्टी कशाला राहिली असती?"

"मग फाटलं असेल."

"फाटलेल्या कागदाला दशा निघतात. हे ब्लेडने कापलंय. कागद आपोआप फाटतो गं, पण कापायला माणूस लागतो."

चारुशीलाने प्रबंध मिटला, वरच्या निळ्या रेक्झिनवरून एकदा हात फिरवला आणि ती कुकर लावायला गेली. अनसूयाबाईंनी तो हात फिरवणंही पाहिलं.

ऋणनिर्देशाच्या पानावर काय असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचे यजमान, मामलेदारसाहेब, हयात असताना घरात पुस्तकं पुष्कळ यायची. गुरूंचे आभार, कॉलेजाचे आभार, आईवडिलांचे आभार, आणि शेवटच्या ओळीत बायकोचे. पुरुषमाणूस बायकोचे आभार चारचौघांत मानत असेल तर तेवढ्या एकाच ठिकाणी. तेच पान कापलेलं. आणि आई नेमकी रथाला गेलेली, म्हणजे आईच्या तोंडून काही निसटायची सोय नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की तिसरी आपोआप दिसायला लागते.

अनसूयाबाईंना ती दिसत होती, कारण त्यांनी ती आधी एकदा पाहिली होती. त्यांची एकुलती एक मुलगी विजयमाला. मामलेदारसाहेब वाईला असताना, सन पन्नासमध्ये, तिचं लग्न त्यांनी बेळगावच्या एका व्यापाऱ्याशी लावून दिलं. माणूस दिसायला चांगला, बोलायला गोड. चौकशी केली ती त्याच्याच माणसांकडे. वर्षाच्या आत विजयमाला पाचव्या महिन्याची पोटुशी माहेरी परत आली. त्याला आधीची बायको होती, दोन मुलं होती, आणि ती सगळी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत होती. चारुशीला दोन वर्षांची असताना विजयमाला टायफॉइडने गेली. त्या दिवशीच्या नोंदीत अनसूयाबाईंनी एकच वाक्य लिहिलं होतं : मी विचारले नाही.

सातारला बिऱ्हाड हलवल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की मुलीचे वडीलही गेले. चारुशीलालाही तेच सांगितलं. काटकरांकडे पाठवलेल्या माहितीच्या कागदावर त्यांनी वडिलांच्या नावामागे स्वतःच्या हाताने 'कै.' लिहिलं होतं, आणि लिहिताना त्यांचा हात अडखळला नव्हता. तो माणूस बेळगावात जिवंत होता, दुकान चालवत होता. पण अनसूयाबाईंच्या लेखी तो विजयमालेच्याही आधी मेला होता, आणि स्वतःच्या लेखी जे असतं ते खोटं असतं, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगूबाईंना ती पट्टी दाखवली.

"अहो, मग सरळ विचारा की त्या मुलाला," रंगूबाई म्हणाल्या.

"ज्याने कापलं त्यालाच विचारू?"

"बाई, तुम्ही आरती म्हणतानासुद्धा कडवी मोजत असाल."

"मोजते. तुम्ही परवा एक गाळलंत."

याच प्रबंधाची दुसरी प्रत कुठेतरी असणारच, हे अनसूयाबाईंच्या डोक्यात होतं. सांगलीच्या एका जुन्या कॉलेजात बिराप्पा म्हणून ग्रंथपाल होते. तरुणपणी ते सातारच्या वाचनालयात होते, तेव्हापासूनची ओळख. पुस्तक एक दिवस उशिरा आलं तरी ते बोलून दाखवायचे, आणि त्यामुळेच अनसूयाबाईंचा त्यांच्यावर विश्वास होता. त्यांनी बिराप्पांना पत्र घातलं. प्रबंधाचं नाव, लेखकाचं नाव, साल, सगळं नीट उतरवून दिलं. कारण दिलं नाही.

बिराप्पांचं कार्ड चौथ्या दिवशी आलं. बारीक अक्षर, कडेपर्यंत भरलेलं :

"प्रबंधाच्या प्रती टंकलेखकाकडून एका वेळी चार निघतात. एक उमेदवाराकडे राहते, एक मार्गदर्शकाकडे, दोन विद्यापीठात जातात. विद्यापीठातली पहिली प्रत ग्रंथालयाच्या बाहेर पडत नाही. दुसरी आमच्या ग्रंथालयाच्या नावाने पंधरा दिवसांसाठी मागवता येते. घरी नेता येणार नाही. माझ्यासमोर बसून वाचावी लागेल. मागणीपत्र सोबत आहे. प्रयोजन लिहावे. प्रबंधाला पाच वर्षे झाली नसल्याने लेखकाची लेखी संमती लागते, ती बघू."

'ती बघू' याचा अर्थ अनसूयाबाईंनी आपल्या सोयीने लावला. बिराप्पा ती अट टाळून नेतील, असा. प्रयोजनाच्या रकान्यापाशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या. 'अभ्यास' लिहिलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. पण ते खरं नव्हतं. 'विवाह' लिहायची लाज वाटली. शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिला : खात्री.

मग वाट पाहणं आलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लालासाहेबांचं पत्र आलं. पत्र साधं होतं, पण त्यात घाई होती. येत्या बावीस तारखेला पौष लागतो, त्याच्या आत काय ते कळवावं. कडेगावचं एक स्थळ सारखं विचारतंय, घरचा ऊस आहे, त्यांना किती दिवस थांबवायचं? शिवाय प्रबंध वाचून झाला असल्यास पाठवून द्यावा, नारायणाला लागतो.

"का लागत असेल?" अनसूयाबाई म्हणाल्या.

"त्याचा आहे म्हणून लागत असेल," चारुशीला म्हणाली. आवाजात धार होती. "आजी, बावीस तारीख गेली तर ते कडेगावला जातील."

"जाऊ देत. खरा असेल तर थांबेल."

"खरी माणसं थांबतातच असं कुठे लिहिलंय? तुझ्या वहीत?"

अनसूयाबाईंनी पत्राची घडी करून वहीत ठेवली. पण त्या दिवसापासून चारुशीला संध्याकाळी टेबलाजवळ बसेनाशी झाली. नातीने जन्मभर आपल्यावर राग धरला तरी चालेल, तिची विजयमाला होता कामा नये, असं त्या मनाशी म्हणत. आणि लगेच दुसरा विचार येई, की हा मुलगा खरंच सरळ असला आणि केवळ आपल्या एका पानापायी हातचा गेला, तर?

सोळा तारखेला बिराप्पांचं दुसरं कार्ड आलं. प्रबंध आला आहे, शनिवारी या.

शनिवारी सकाळी सहाच्या एस.टी.ने अनसूयाबाई एकट्याच निघाल्या. कराड मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊसतोड चालू होती, बैलगाड्यांनी रस्ता अडलेला, त्यामुळे सांगलीला पोहोचायला दहा वाजले. बिराप्पांनी खिडकीजवळचं टेबल पुसून ठेवलं होतं. तोच निळा रेक्झिन, तीच सोनेरी अक्षरं. आत मात्र पहिल्या पानावर एक छापील तक्ता चिकटवलेला होता. हा प्रबंध कुणी, कधी, कशासाठी वाचला त्याच्या सह्यांचा. तक्ता कोरा होता.

"दोन वर्षांत कुणी उघडला नाही ओ," बिराप्पा म्हणाले. "तुम्ही पहिल्या. इथं सही करा. आणि ही संमती, फाइलला लावायची आहे, बघून घ्या."

संमतीच्या कागदावर नारायणाची सही होती. नारायण नाथाजी काटकर, तारीख आठ डिसेंबर. वर अनसूयाबाईंचं नाव, पत्ता, आणि त्यांच्याच हातचा शब्द : खात्री.

अनसूयाबाईंनी तो कागद पालथा घातला. "तुम्ही त्याला हे दाखवलंत?"

"दाखवणार नाही तर सही कशावर घेणार? दोन गल्ल्या पलीकडे राहतो. चालत गेलो, घेऊन आलो."

"काय म्हणाला?"

"वाचलं. म्हणाला, बाईंना खिडकीजवळ बसवा, कार्बनची प्रत फिकी आहे, दिसायची नाही." बिराप्पांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "बाई, मी पस्तीस वर्षं पुस्तकं देतोय. प्रयोजनात असला शब्द लिहिलेला पहिल्यांदा पाहिला."

म्हणजे त्याला माहीत होतं. दहा दिवसांपासून माहीत होतं, आणि तरी त्याने सातारला एक अक्षर कळवलं नव्हतं. मनात काही नसलेला माणूस असा गप्प राहील? की मनात काही नसलेला माणूसच गप्प राहील? अनसूयाबाईंनी सही केली आणि पानं मोजायला घेतली. एक, दोन, तीन, चार.

चौथ्या पानावर बायको नव्हती. मार्गदर्शकांचे आभार होते, कॉलेजाचे होते, तीन तलाठ्यांचे नावानिशी होते. चुलत्यांचे होते. ते छावणीतून दर महिन्याला पत्र लिहून 'किती पानं झाली' विचारत. आणि शेवटचा परिच्छेद असा : मी विद्यापीठात असताना दोन वर्षं दर सोमवारी आमच्या गावच्या अकरा विहिरींचं पाणी माझी आई चंद्राबाई हिने गाठी मारलेला दोर सोडून मोजलं. तिला लिहिता येत नाही. तिने गाठी लक्षात ठेवल्या आणि त्या शनिवारी मला सांगितल्या. कोष्टक सात ते सतरा तिची आहेत.

अनसूयाबाईंनी कोष्टक सात उघडलं. बोट ठेवून एकेक सोमवार खाली वाचत गेल्या. एकही सोमवार सुटला नव्हता. रोज लिहिणाऱ्या बाईला न सुटलेल्या दिवसांची किंमत कळते. पण त्या कौतुकाच्या मागोमाग संशय पुन्हा वर आला, आणि आता तो जास्त कडू होता. हे पान कापायचं काय कारण? कारण एकच. आकडे आईचे होते, आणि आई अडाणी होती. सातारच्या मामलेदाराच्या घरी सोयरीक करायची म्हणून पोराने प्रबंधातून आईचं नाव कापलं आणि पाहायला येताना तिला रथाच्या नावाखाली घरी ठेवलं. आधीच्या बायकोपेक्षा हे वाईट होतं. जो आईला कापून टाकतो, तो बायकोला काय ठेवणार?

त्या उठल्या. "दोन गल्ल्या म्हणजे कोणत्या बाजूला?" त्यांनी बिराप्पांना विचारलं.

नारायण कॉलेजात गेला होता. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पुढच्या खोलीत एक उंच, वाळकी बाई सुपात बाजरी निवडत बसली होती. तिने वर पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि न विचारता पाट पुढे सरकवला.

"सातारच्या आजी न्हवं? बसा. ग्रंथपाल म्हनला हुता, आज येनार म्हून. पानी घ्या."

अनसूयाबाईंनी पाणी घेतलं आणि प्रस्तावना न करता विचारलं, "तुमच्या मुलाच्या घरच्या पुस्तकातलं एक पान कापलेलं आहे. तुमचं नाव असलेलं. का कापलं त्याने?"

चंद्राबाईंचा हात सुपातच थांबला. मग त्यांनी दाराकडे नजर टाकली. "त्येनं न्हाई. म्या कापलं."

"तुम्ही?"

"त्येला ठावं न्हाई अजून. पुस्तक टरंकेत असतंय, त्यो कशाला पानं मोजतोय?"

"तुम्हाला वाचता येत नाही. तेच पान कसं सापडलं?"

"त्येनंच दावलं हुतं. ह्ये काकाचं नाव, ह्ये मास्तरांचं, ह्ये तुजं. माजं नाव इळ्यावानी सुरू हुतंय इंग्रजीत. त्यो इळा म्या बराबर वळकला." चंद्राबाईंनी बोटाने हवेत अर्धगोल काढला. "समद्या वडीलधाऱ्यांची नावं असलेला कागुद म्हंजी पत्रिकाच की. बाकी पुस्तकात नुसतं आकडं. मंग मला वाटलं, पैली पत्रिका देवाची. लगीन असू द्या, न्हाईतर ह्ये असू द्या. देवाला दिली न्हाई म्हून तर सोयरीक जुळंना. तवा रथाला जाताना पोराचं दाढीचं पातं घेतलं, कागुद काढला, आन् सिद्धनाथाच्या पायाशी हळदकुकू लावून ठिवला."

"पुजाऱ्याने ठेवून घेतला?"

"घेतला की. इंग्रजी बगून त्यो बी दबकला."

अनसूयाबाईंनी आणखी तीन प्रश्न विचारले. पातं कोणतं, कोणत्या दिवशी, बरोबर कोण होतं. तिन्ही उत्तरं ठाम आली. शेवटच्या उत्तराला चंद्राबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"झाली झडती?"

"चंद्राबाई, मी मुलीकडची आहे. मला विचारावं लागतं."

"इचारा की. आमीबी इचारलं. भावजी बेळगावच्या छावनीत आठ वरसं हुतं. तुमच्या कागदावर बेळगावचं नाव बगितलं आन् गेलं. पोरीचा बाप जित्ता हाय. कापडाचं दुकान हाय त्येचं. भावजींनी तितनं टावेल बी घेतला."

बाजरीतला एक खडा चंद्राबाईंनी उचलून दाराबाहेर टाकला.

"कधी कळलं तुम्हाला?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"बगाय यायच्या आदी. नारायनाला बी ठावं हाय. त्यो म्हनला, त्या सांगतील तवा सांगतील, आपुन इचारायचं न्हाई. भावजी म्हनलं, खोटं लिवनाऱ्याच्या घरात सोयरीक नगं, कडेगावला जाऊ. म्या म्हनलं, आजून चार दिस थांबा." त्या जरा पुढे झुकल्या. "त्यो मानूस वाईट असंल. त्येची म्या कशाला बाजू घिऊ? पर पोरीला ठावं हाय?"

"नाही."

"येवढ्या वरसांत न्हाई सांगितलं?"

"नाही."

"मंग आदी तिला सांगा. तिला ठावं नसताना ती आमच्या घरात यायची न्हाई. उद्या कुनी तरी बाजारात सांगंल, आन् ती म्हनंल सासूला बी ठावं हुतं. मला त्ये नगं."

"आणि तुम्ही नारायणला पानाचं सांगणार?"

"सांगीन न्हाईतर न्हाई सांगनार," चंद्राबाई म्हणाल्या. "माजा कागुद हाय, आजी. तुमचा मानूस हाय."

परतीच्या एस.टी.त अनसूयाबाईंना खिडकीजवळची जागा मिळाली. कुणीतरी दिलेली द्राक्षं त्यांनी नको म्हटली. सांगायचं कसं, याचे त्यांनी तीन मसुदे मनात केले. एकात मामलेदारसाहेबांचा निर्णय होता, एकात विजयमालेची शेवटची इच्छा होती. दोन्ही खोटे होते. तिसऱ्यात फक्त त्या स्वतः होत्या, आणि तो फार लहान होता.

घरी पोहोचल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. चारुशीला मेथी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "सापडलं पान?"

"सापडलं. त्यात काही नव्हतं. मुलगा सरळ आहे." अनसूयाबाई लुगडंही न बदलता समोर बसल्या. "चारू, तुझे वडील जिवंत आहेत. बेळगावला. त्यांना आधीची बायको होती, ते तुझ्या आईला लग्नानंतर कळलं. ते गेले असं मी सगळ्यांना सांगितलं. तुलाही सांगितलं."

मेथीची काडी चारुशीलाच्या हातात तशीच राहिली.

"काटकरांना माहीत आहे?"

"आधीपासून."

"म्हणजे मलाच नव्हतं." ती काडीकडे पाहत राहिली. "आजी, दर पितृपंधरवड्यात आईच्या पानाशेजारी मी त्यांच्यासाठी खिरीची वाटी ठेवायचे."

"मी तुला कधी ठेव म्हणाले नाही."

"नको असंही म्हणाली नाहीस. शेजारी बसून बघायचीस. वहीत लिहायचीस का गं ते? आज चारूने जिवंत माणसाला वाटी ठेवली, म्हणून?"

अनसूयाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. ते खरं होतं. तेवढी एकच गोष्ट त्यांनी चोवीस वर्षांत कधी लिहिली नव्हती.

"तू त्याच्या एका पानासाठी तीन आठवडे पत्रापत्री केलीस," चारुशीला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त कठीण होता. "विद्यापीठातून प्रत मागवलीस. माझ्या वाटचं आख्खं पुस्तक तू कापून ठेवलं होतंस."

"तुझी विजयमाला होऊ नये म्हणून."

"मी विजयमाला नव्हतेच. ती मुळात विचारायला घाबरायची, असं तूच सांगतेस. मला विचारायला काही ठेवलंच नव्हतंस." ती उठली, मेथीचं सूप ओट्यावर ठेवलं, हात धुतले. "सातच्या टपालात पत्र पडलं तर सोमवारी मिळेल ना त्यांना?"

"मिळेल. मी लिहिते."

"नको. मी लिहीन."

ती टेबलाजवळ बसली. अनसूयाबाईंची वही तिने बाजूला सरकवली, आणि दुसरा कागद घेतला. पत्र लहान नव्हतं. मधे एकदा तिने डोळे पुसले, मधे एकदा काहीतरी खोडलं. अनसूयाबाई ओट्यापाशी उभ्या राहून मेथी निवडत राहिल्या. लिहून झाल्यावर चारुशीलाने पाकिटाला खळ लावली आणि पायात चपला घातल्या.

"होकार कळवलाय," ती दारातून म्हणाली. "बाकी काय लिहिलंय ते त्यांचं आणि माझं. आणि फेब्रुवारीत, लग्नाच्या आधी, मी बेळगावला जाऊन येणार आहे. एकटी. कुणाला सांगू नकोस, आणि अडवूही नकोस."

बेळगावला जाऊन ती काय बोलणार, त्या माणसाने तिला दुकानात उभं केलं नाही तर काय, पत्रात आजीबद्दल काय लिहिलं, असे सात-आठ प्रश्न अनसूयाबाईंच्या ओठांपर्यंत आले. त्यांनी एकही विचारला नाही. चारुशीला कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेली तेवढा वेळ त्या दारात उभ्या होत्या. ती परत आली, आत गेली आणि भाजीला फोडणी देऊ लागली.

जेवणं झाल्यावर अनसूयाबाईंनी वही उघडली. शनिवार, १८ डिसेंबर. सकाळी सहाची एस.टी. सांगली, ग्रंथालय, प्रबंध पाहिला, पाने पूर्ण. चंद्राबाईंची भेट. चारुशीलाला तिच्या वडिलांविषयी खरे सांगितले, उशिरा सांगितले. तिने काटकरांना स्वतः पत्र घातले, होकार. इथे त्या थांबल्या. आणखी दोन ओळींची जागा होती. त्यांनी शाई झटकली आणि लिहिलं : मेथीची भाजी केली, मीठ थोडे जास्त झाले, स्टोव्हचा वॉशर गेला आहे, सोमवारी नवा आणणे.